खिशातला शेवट

मार्गळी लागला की आमच्या वेस्ट मांबलममध्ये माकडटोप्या बाहेर येतात. थंडी म्हणावी तर पंखा एकवर ठेवून झोपण्याइतकीच, पण इमारतीतले निवृत्त बँकवाले पहाटे कान झाकून, मफलर गुंडाळून असे निघतात की वाटावं मंडळी थेट बद्रीनाथला चालली आहेत. जातात कोपऱ्यावरच्या देवळात, मिरी-तुपाचा गरम पोंगल खायला. मीही त्यांच्यातलाच, टोपीसकट. मार्गळी म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा तामिळ महिना. दारोदारी ओल्या जमिनीवर कोलम, म्हणजे इकडच्या रांगोळ्या, काढलेले असतात, मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोवलेलं असतं. त्यावर पाय पडू नये म्हणून आम्ही सगळे जपून, जरा नाचल्यासारखे चालतो.

आणि या महिन्यात धुकं पडतं. चेन्नईत धुकं, हे बाहेरच्या माणसाला थाप वाटते. पण संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात मांबलम स्टेशनच्या पुलावर उभं राहावं. खाली रूळ नसतात. गाडीची घोषणा होते, गाडी येते, थांबते, माणसं चढल्याउतरल्याचे आवाज येतात, आणि गाडी निघून जाते. या सगळ्यातलं काहीही दिसत नाही. लोक मोबाइलवर फोटो काढतात. मी कठडा धरून उभा असतो आणि मला भीती वाटत असते.

अडुसष्टाव्या वर्षी हे कबूल करायला हरकत नसावी. धुक्यातून कुणी माझ्या दिशेने चालत आलं की माझे पाय थांबतात. चेहरा दिसेपर्यंत मी जवळचं कुंपण धरून ठेवतो. बहुतेक वेळा दूधवाला असतो. एकदा आमचे शेजारी निघाले आणि "काय सार्, तब्येत बरी नाही का?" म्हणून मला हाताला धरून घरी घेऊन आले. तब्येत उत्तम होती. त्यांच्या ओल्या धोतराकडे बघून मला तिसराच माणूस आठवला होता.

मी खेळांवर लिहायचो. इथल्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात रविवारी माझा स्तंभ यायचा, चांगली एकतीस वर्षं. वडील रेल्वेत होते, नाशिककडून बदली होऊन आले आणि इथलेच झाले. त्यांची इच्छा मी रेल्वेत चिकटावं अशी. मी मैदानांना चिकटलो. क्रिकेट, हॉकी, कॅरम, कबड्डी, समुद्रकिनाऱ्यावरची कुस्ती, शाळकरी पोरींची धावण्याची शर्यत, काहीही. जिंकणाऱ्यांवर सगळेच लिहितात. मी हरणाऱ्यांवर लिहिलं आणि त्यावर माझं बरं चाललं. लोकांना सकाळच्या कॉफीबरोबर दुसऱ्या कुणाचा तरी पराभव हवा असतो, नीट गाळलेला.

हे शिकवलं आमच्या क्रीडा संपादकांनी. वरदन सार् त्यांचं नाव, कपाळावर वैष्णवांचं उभं नाम, तोंडात पान. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं, "मैदानावर जाताना शेवटचा परिच्छेद खिशात घेऊन जायचं. काय झालं ते तिथे दिसेलच. कसं संपणार ते आधी ठरलेलं असलं की मधलं आपोआप लागतं." यात फसवणूक नव्हती. वर्तमानपत्राचं पान वेळेत छपाईला सोडण्याची ती युक्ती होती. आदल्या दिवशी खेळाडूला भेटायचं, घर पाहायचं, आईशी बोलायचं, आणि शेवट लिहून ठेवायचा. सामना बघून आलं की खिशातला कागद काढायचा आणि जुळेल तेवढा ठेवायचा. आमच्याकडे सगळेच कमीजास्त असं करत.

माझे शेवट मात्र फारच जुळत. सुरुवातीला मजा वाटली. एग्मोरच्या हॉकी मैदानावर एका म्हाताऱ्या गोलरक्षकाचा अखेरचा सामना होता. मी आदल्या संध्याकाळी लिहून ठेवलं होतं की सामना हरल्यावर तो हातमोजे काढील, गोलरेषेवर शेजारी शेजारी ठेवील आणि मागे न बघता निघून जाईल. मनचं लिहिलं होतं, छान दिसतं म्हणून. दुसऱ्या दिवशी तो सामना हरला. हातमोजे काढले. रेषेवर शेजारी शेजारी ठेवले. मी वर पत्रकारांच्या खुर्चीत बसलो होतो, खिशातल्या कागदावर हात ठेवून. तो मागे न बघता निघून गेला. कागदातला एक शब्द बदलावा लागला नाही.

असं पुढे चार-पाचदा झालं. सहकारी चेष्टा करू लागले. सामन्याआधी कुणीतरी माझ्या खिशाला हात लावून विचारायचा, "कोण जिंकणार आहे रे?" मी हसायचो. पण माणूस वाया कसा जातो ते बघा, हळूहळू मला वाटायला लागलं की हे असंच असतं. मी लिहितो आणि ते होतं. हे कुणाला बोलून दाखवलं नाही, बायकोलाही नाही. मात्र सामना संपायच्या आधी दहा मिनिटं उठून निघायची सवय लागली. गर्दी टळते, असं मी सांगायचो.

मग तो मार्गळी आला. मी तेव्हा छत्तीस-सदतीस वर्षांचा असेन. चेन्नईच्या दक्षिणेला किनाऱ्यावर कोवलम नावाचं गाव आहे, तिथल्या मच्छीमारांमध्ये त्या दिवसांत कट्टुमरमची शर्यत व्हायची. कट्टुमरम म्हणजे ओंडके दोरीने आवळून केलेला तराफा, त्यावर एकेक माणूस, हातात वल्हं. किनाऱ्यापासून दूर एका खुंट्याला लाल फडकं बांधलेलं, त्याला वळसा घालून परत यायचं. बक्षीस म्हणजे एक धोतर आणि गावभर चेष्टा करण्याचा वर्षभराचा हक्क. त्या शर्यतीत दरवर्षी शेवटचा येणारा कुप्पन नावाचा माणूस आहे असं कळलं, आणि माझे कान टवकारले.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी त्याच्या झोपडीसमोर जाळ्यांच्या ढिगावर बसलो होतो. कुप्पन पंचेचाळिशीचा, रुंद, संथ माणूस. बोलताना आधी हसायचा आणि मग शब्द शोधायचा. बायको अंजलै त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, चटपटीत, मासे विकणारी. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी विचारलं, "सगळ्यांच्या मागून येता, मग काय करता?"

कुप्पन हसला. "तराफा वर ओढतो. कांजी पितो. ही विचारते, इतका वेळ कुठे होतात? मी सांगतो, रस्त्यात गर्दी होती."

"दरवर्षी हेच सांगतो, सार्," आतून अंजलै म्हणाली. "गर्दी म्हणे. समुद्रात."

माझा शेवट मला मिळाला होता. परतीच्या बसमध्येच लिहिला. बाकीचे सगळे आलेले आहेत, लोक पांगले आहेत, किनाऱ्यावर एकटी अंजलै कांजीचं भांडं घेऊन उभी आहे. धुक्यातून कुप्पन येतो, गुडघाभर पाण्यातून तराफा ओढत. ती विचारते, तो सांगतो. धुकं मी का घातलं असेन? मार्गळी होता म्हणून, आणखी काही नाही. कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

शनिवारी सकाळी सात वाजता शर्यत सुटली. आठ तराफे, आठ माणसं. ऊन कोवळं होतं, लाल फडकं स्पष्ट दिसत होतं. ते तिथे पोचत होते तेवढ्यात समुद्रावरून धुकं आलं. येताना दिसलं नाही. आधी फडकं गेलं, मग माणसं गेली, मग पाणी गेलं. लाटांचा आवाज सगळीकडून यायला लागला, पाठीमागूनसुद्धा. शेजारी उभे असलेले लोक हळू आवाजात बोलू लागले. देवळात बोलावं तसं.

आणि मग एकेक करून ते बाहेर आले. पांढऱ्यातून आधी वल्ह्याचा आवाज, मग आकार, मग चेहरा. मी मोजत होतो. पहिला, दुसरा, तिसरा. जल्लोष झाला, धोतर दिलं गेलं. सातवा आला. आठवा कोण ते सगळ्यांना माहीत होतं. कुणी वाट बघेना. कुणीतरी म्हणालं, "कुप्पन आता जेवायच्या वेळेला येईल," आणि हसत हसत लोक पांगले. वाळूत अंजलै एकटी राहिली, हातात कांजीचं भांडं.

ते दृश्य बघून मी काय केलं ते सांगतो. मी खिसा चाचपला. सगळं अगदी कागदासारखं होतं. माझं रविवारचं पान बारा वाजता बंद होणार होतं आणि मोठ्या रस्त्यावर बस उभी होती. दहा मिनिटं थांबलो असेन. मग निघालो. बसमध्ये चढताना एकदा मागे वळून पाहिलं, तेव्हा सगळं पांढरं होतं.

रविवारी लेख आला. वरदन सारांनी पहिल्यांदाच माझ्यासाठी कॉफी मागवली. पत्रं आली, फोन आले. महिन्याभराने मी अंकाच्या दोन प्रती घेऊन कोवलमला गेलो, कुप्पनला द्यायला. वाटेत त्याच्यासाठी विड्याही घेतल्या होत्या.

गावच्या शाळेतले शिक्षक रस्त्यातच भेटले. सगळे त्यांना वाध्यार म्हणत, म्हणजे मास्तर. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "बरं झालं आलात. तुमचा पत्ता कसा शोधावा ते कळेना," म्हणाले. मग चालता चालता सांगितलं. कुप्पन त्या दिवशी आला नाही. धुकं उठलं तेव्हा समुद्र मोकळा होता. तीन दिवस सगळ्या होड्या शोधत होत्या. माणूस नाही, तराफा नाही, वल्हंही नाही. चौथ्या दिवशी बायका अंजलैला घेऊन बसल्या, पुढचं करायला हवं म्हणून. "तेवढ्यात तुमचा पेपर माझ्या हातात आला. रविवारचा, मी उशिरा वाचतो. मीच तिला वाचून दाखवला, सार्. तामिळमध्ये, शब्दन् शब्द. तो आला होता असं त्यात आहे. रस्त्यात गर्दी होती, असं तो तिला म्हणाला, असंही आहे."

मी हातातल्या दोन प्रती काखेत सारल्या.

"तिच्याशी तो बोललेला नाही. ते तुम्ही जरा गोष्ट म्हणून लिहिलं असेल, मला समजतं," वाध्यार म्हणाले. "पण तो येताना तुम्ही पाहिलात ना? तिकडे खाडीच्या तोंडाशी वगैरे लागला असेल. डोक्याला मार लागला असेल, भलतीकडे चालत गेला असेल. होतं असं."

आम्ही झोपडीपाशी पोचलो होतो. अंजलै दारात उभी होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, केसांत मोगरा. ती माझ्याकडे पाहत होती. वाध्यारांनी तिच्यादेखत पुन्हा विचारलं, "पाहिलंत ना, सार्?"

मी म्हणालो, "हो."

माझ्या आयुष्यात मी लाखो शब्द लिहिले. त्यातला कुठलाच इतका काळ टिकला नाही. त्या एका शब्दावर अंजलैनं कुप्पनला समुद्रात शोधणं बंद केलं आणि जमिनीवर शोधायला सुरुवात केली. मी हो का म्हणालो याची पुढे मी स्वतःला बरीच कारणं दिली. दया, घाई, तिचं ते कुंकू. खरं कारण मला माहीत आहे. लेख फार चांगला झाला होता.

उन्हाळ्यात त्या लेखाला देशातलं त्या वर्षीच्या क्रीडालेखनाचं मोठं बक्षीस मिळालं. मी ते घेतलं. नवा सूट शिवून घेतला.

माझी बायको कमला तंजावरची. तिच्या माहेरचे लोक तीन शतकांपूर्वी मराठी घेऊन तिकडे गेले आणि तीच अजून वापरतात, 'सगळं'ला 'असकं' म्हणत, तामिळची फोडणी देऊन. मी नाशिकची मराठी बोलतो, ती तंजावरची, आणि भांडण तामिळमध्ये होतं. बक्षीस घेऊन आलो त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं. ती ऐकत राहिली. मग तिने बक्षिसाची ढाल उचलून कपाटावर मागे सरकवली आणि म्हणाली, "असकं खोटं देवाला सांग. मज नको सांगू. मी त्या बाईला काय तोंड दाखवू?" त्यानंतर हा विषय तिने काढला नाही. मीही नाही. पण मार्गळीत पहाटे मी उठलो की ती जागी असायची, हे मला ठाऊक आहे.

अंजलैला मी पुढे एकदा मांबलम स्टेशनात पाहिलं. सकाळची वेळ होती, लोक कामाला निघालेले. ती फलाटाच्या जिन्याखाली उभी होती आणि उतरणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या तोंडाकडे बघत होती. घाई नव्हती, रडं नव्हतं. बाजारात भाजी निवडावी तशी चेहरे निवडत होती. कुणीतरी तिला सांगितलं असणार की शहरात जा, हरवलेली माणसं स्टेशनवर सापडतात. मी फुलवाल्याच्या टोपल्यांमागे सरकलो. तीन गाड्या येऊन गेल्या. ती निघून गेल्यावर मी कामावर गेलो आणि एका टेबलटेनिसपटूवर लेख लिहिला. चांगला झाला तोही.

याच्यापेक्षा विचित्र गोष्ट कोवलममध्ये होत होती. मला अधूनमधून तिकडे जावंसं वाटायचं, गुन्हेगाराला वाटतं म्हणतात तसं. दोन वर्षांनी एका म्हाताऱ्याने मला सांगितलं की त्या दिवशी वाळूत ओल्या पावलांचे ठसे त्याने स्वतः पाहिले होते, पाण्यातून वर जाणारे. पाच वर्षांनी एका बाईला तराफा ओढल्याची खूण आठवू लागली. दहा वर्षांनी तर सातवा आलेला माणूसच मला म्हणाला, "कुप्पन माझ्या मागेच होता. मी वळून बघितलं, त्याने हात केला." त्याच्या डोळ्यांत खोटेपणा नव्हता. तो सांगत होता आणि त्याच्या दंडावर काटा उभा राहिला होता. मग मोठी लाट आली, त्सुनामी. अर्धं गाव वाहून गेलं. अंजलै पळाली तेव्हा तिच्या काखेत एक स्टीलचा डबा होता, आणि त्यात माझ्या लेखाचं कात्रण होतं. हे मला वाध्यारांनीच सांगितलं, कौतुकाने.

आणि मी? मीही सुटलो नाही. पहिली काही वर्षं मला फक्त पांढरं आठवायचं. बसचा दांडा, दवानं ओला झालेला, आणि मागे पांढरं. मग एका मार्गळीत, देवळाच्या रांगेत उभा असताना, त्या पांढऱ्यात थोडं काळसर दिसलं. पुढच्या वर्षी त्याला खांदे होते. आता तो मला पुरा दिसतो, गुडघाभर पाण्यात, दोरी खांद्यावरून घेतलेला. मी खोटं लिहिलं हे मला माहीत आहे. तरी मी बसच्या पायरीवरून वळतो आणि तो येत असतो. कुठली आठवण माझी आणि कुठली माझ्या लेखाची हे मला आता सांगता येत नाही, आणि या गोष्टीची मला जितकी भीती वाटते तितकी मरणाचीही वाटत नाही.

हे मी मराठीत का लिहितोय, तेही सांगून टाकतो. इंग्रजीत लिहायला बसलो की हाताला चाळीस वर्षांची सवय आहे. तो शेवट छान करतो, मला न विचारता. मराठीत मी वडलांना पत्रं तेवढी लिहिली. या भाषेत माझा हात अजून अडाणी आहे, म्हणून त्याच्यावर जरा विश्वास ठेवता येतो.

यंदाच्या मार्गळीत माझा पुन्हा सत्कार झाला. आयुष्यभराच्या कामाबद्दल वगैरे. शाल, हार, पुढच्या रांगेत माकडटोपीवाले मित्र. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माझा परिचय करून दिला आणि मग तो परिच्छेद वाचला. तोच. छान वाचला. धुक्यातून तो आला, तिने विचारलं, तो म्हणाला, रस्त्यात गर्दी होती. सभागृहात कुणीतरी नाक ओढलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या क्षणी, म्हणजे निदान चार-पाच सेकंद तरी, मी ते खरं मानलं होतं. आला होता बिचारा, असं मनात आलं.

मग मी घाबरलो. वरदन सार् गेले. वाध्यार दोन वर्षांपूर्वी गेले. माझ्याशिवाय हे खोटं आहे हे जाणणारी एकटी कमला. आमच्या दोघांनंतर कुप्पन किनाऱ्यावर आलेलाच राहील, कायमचा, आणि घरी मात्र कधीच पोचणार नाही. घरी आल्यावर मी कमलाला म्हटलं, "उद्या कोवलमला जाऊन येतो." तिने विचारलं नाही कशाला. सकाळी डबा भरून दिला.

कोवलम बदललंय. रस्त्यालगत समुद्राकडे तोंड केलेली हॉटेलं झाली आहेत, तराफ्यांच्या जागी फायबरच्या होड्या आहेत. अंजलै सरकारने बांधून दिलेल्या दोन खोल्यांच्या घरात राहते. सत्तरीला टेकली आहे. मासे विकत नाही, दृष्टी गेल्यात जमा. कुंकू तेवढंच मोठं. चुलीशेजारी कांजीचं भांडं झाकून ठेवलेलं होतं, दोन माणसांना पुरेल एवढं.

मी जमिनीवर तिच्यासमोर बसलो आणि एका दमात सांगितलं. म्हणालो, "अम्मा, मी पाहिलं नाही. मी लिहिलं ते आदल्या दिवशी लिहिलं होतं. बस होती म्हणून मी गेलो. वाध्यारांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. तो आला नव्हता."

बाहेर कुणाचा तरी टीव्ही चालू होता. मग तिने हात लांब करून माझा चेहरा चाचपला, आंधळी माणसं चाचपतात तसा, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मला वाटलं आता ती मारील. मारायला हवं होतं.

"पन्नास स्टेशनं हिंडले मी, सार्," ती म्हणाली. "तिरुपतीला गेले. वेड्यांच्या इस्पितळात गेले. पुरुषांची रांग लावून दाखवली त्यांनी मला."

"चुकलं माझं, अम्मा."

"माणूस किनाऱ्यावर येऊन घरी आला नाही, म्हणजे काय ते कळतं तुम्हाला? समुद्राने नेला असता तर रडले असते. मला वाटायचं, हा आला, आणि मला बघून परत फिरला. मी त्या दिवशी त्याच्याशी भांडले होते. तीस वर्षं मी ते भांडण आठवतेय."

याचा विचार मी कधीच केला नव्हता. इतक्या वर्षांत, इतक्या पहाटे जागून, मला वाटत होतं की मी तिला खोटी आशा दिली. मी तिला काय दिलं होतं ते त्या दिवशी समजलं. मी रडलो. ती रडली नाही. तिने मला पाणी दिलं.

मग म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? गावाला तो दिसलाय. ह्यांनी सगळ्यांनी पाहिलाय. पेपरने आणलं होतं त्याला, आता पेपरनेच न्यायला पाहिजे. छापा तसं. मग मी त्याचे दिवस करते."

मी दुसऱ्याच दिवशी कचेरीत गेलो. आताची संपादक चाळिशीच्या आतली, हुशार मुलगी आहे. ती म्हणाली, "सर, तीस वर्षांपूर्वीचं कोण विचारतंय? तुमचंच नाव खराब होईल. आणि द्यायचंच तर पूर्ण लेख द्या ना, फार मोठी गोष्ट आहे ही." मी म्हटलं, लेख नाही. दुरुस्तीच्या चौकटीत तीन ओळी. कुप्पन त्या सकाळी किनाऱ्यावर परतले नाहीत. स्तंभलेखकाने त्यांना परतताना पाहिले नव्हते. त्या दिवसापासून ते बेपत्ता आहेत. तिने डोळे विस्फारून दोनदा वाचलं आणि पानात लावलं. बक्षीस देणाऱ्या मंडळींना मी ढाल परत पाठवतो असं कळवलं. त्यांचं अजून उत्तर नाही.

ती चौकट घेऊन मी स्वतः गेलो आणि मीच वाचून दाखवली. अंजलैने शेजारपाजारच्या सगळ्यांना बोलावून ठेवलं होतं. तामिळमध्ये तीन वाक्यं, अर्धं मिनिटही लागलं नाही. हात केलेला बघितला म्हणणारा तो सातवा माणूस, आता म्हातारा, मान खाली घालून बसला होता. एका बाईने थुंकल्यासारखं केलं आणि आत गेली. बरोबर होतं ते.

कुप्पनचे दिवस संक्रांतीच्या आधीच झाले. कमला माझ्याबरोबर आली होती, पहिल्यांदाच. ती अंजलैशेजारी वाळूत बसली आणि तिने तिचा हात धरून ठेवला. पाण्यापाशी नेऊन बायकांनी अंजलैची ताली, म्हणजे मंगळसूत्र, काढली, कुंकू पुसलं. तीस वर्षांच्या कुंकवाखालची कातडी फिकी होती, तेवढीच गोल जागा. त्या सकाळी धुकं नव्हतं. समुद्र क्षितिजापर्यंत रिकामा होता.

निघताना मी तिच्या पायाशी वाकलो. तिने मला उठवलं नाही, तसंच राहू दिलं थोडा वेळ. मग सगळे पुढे गेलेत याची चाहूल घेऊन हळूच म्हणाली, "सार्, एक विचारू? तुम्ही लिहिलं होतं ना, तो आला म्हणून. तेव्हा तो रागावलेला दिसत होता का?"

"नाही, अम्मा," मी म्हणालो. "हसत होता."

मला विचार करावा लागला नाही. तो मला दिसत होता.

"मग बरं," अंजलै म्हणाली.